ज्वारी : ग्राहकाची पसंती आणि कोरडवाहू शेती

सोलापूरच्या बाजारपेठेत ज्वारी घ्यावयास आलेला जाणता ग्राहक प्रथम भाव विचारीत नाही. पोत्यात हात घालून तो मूठभर दाणे तळहातावर घेतो, उजेडात धरतो आणि त्यांतील एकदोन दाणे दाताखाली फोडून पाहतो. दाणा टपोरा आहे काय, त्याला मोत्यासारखी चकाकी आहे काय, टोकाशी काळपट डाग आहे काय, फुटताना तो कडक लागतो की भुसभुशीत, एवढे पाहून झाले म्हणजे मग भावाची बोलणी सुरू होतात. ही परीक्षा पाव मिनिटाची असते. परंतु महाराष्ट्राच्या कोरडवाहू शिवारात काय पेरले जावे आणि काय सोडून दिले जावे, याचा बराचसा निर्णय गेल्या साठ वर्षांत या पाव मिनिटात होत आलेला आहे.

शेतमालाच्या बाजाराचा विचार करताना आपण बियाणे, खते, पाणी, आधारभूत किंमत, गोदामे यांचा हिशेब मांडतो. ग्राहकाची आवड हा मात्र ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न समजला जातो. ज्वारीच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. खरीप ज्वारी राज्याच्या शिवारातून जवळजवळ नाहीशी झाली आणि रब्बी ज्वारी पुष्कळ घटूनही तग धरून राहिली, या दोन्ही घटनांमागे भाकरीची आवड आहे. ही आवडही स्वयंभू नाही. ती शिधावाटपाच्या दुकानाने, चुलीपुढील श्रमाने आणि प्रतिष्ठेच्या कल्पनांनी घडविलेली आहे. हे ध्यानात घेतल्यावाचून भरडधान्ये खाण्याचा उपदेश करणे व्यर्थ होय.

भाकरी कशावर ठरते

गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की त्यातील ग्लुटेनमुळे कणीक ताणली जाते, तिची पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणून ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्याने भिजवावे लागते. उष्णतेने पिठातील पिष्ट फुगते व चिकट होते आणि त्या चिकटपणावरच भाकरी परातीत थापता येते. हा चिकटपणा दाण्याच्या जातीवर व पिठाच्या ताजेपणावर अवलंबून असतो. पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, तव्यावर उलटताना मोडते. काळ्या पडलेल्या दाण्याचे पीठ करडे दिसते व त्याच्या भाकरीला उग्र वास येतो. चांगल्या दाण्याची भाकरी फुगते, तिला सलग पापुद्रा सुटतो आणि सकाळी केलेली भाकरी दुपारी शेतावर सोडली तरी ती मऊ असते. गृहिणीच्या या कसोटीस कोणत्याही प्रयोगशाळेची जोड नव्हती, तरी ती अचूक होती.

या कसोटीला शतकभर उतरलेला वाण म्हणजे मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवड पद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हा वाण काढण्यात आला. तो आजही लावला जातो. एखाद्या पिकाचा वाण पाऊणशे वर्षांहून अधिक काळ शेतात टिकून राहावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. दुष्काळात सरकारी कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा ज्या गावाशी जोडलेली आहे, तेच हे मंगळवेढे. तेथील खोल काळ्या जमिनीत ही ज्वारी पुष्कळदा एकाही पाण्याच्या पाळीवाचून पिकते.

हे कसे घडते, तेही पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात ही जमीन पडीक ठेवून ओल मुरवली जाते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते. त्यानंतर पीक जवळजवळ पूर्णतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. ही ओल उडून जाऊ नये म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपण्या द्याव्यात, अशी शिफारस आहे. काळी जमीन सुकू लागली की भेगाळते आणि भेगांतून खालची ओल निघून जाते. दातेरी कोळप्याने त्या भेगा बुजविल्या जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, तेव्हा दाण्यावर पावसाचा थेंबही पडलेला नसतो. दाण्याची चकाकी येते ती यामुळे. शिवाय कडबा मिळतो. वैशाखातील टंचाईत दाण्याच्या बरोबरीने किंवा त्याहूनही अधिक हिशेब शेतकरी या कडब्याचाच करतो.

संकरित ज्वारी आणि ग्राहकाचा नकार

खरिपाची कथा निराळी आहे. १९६४ साली भारतातील पहिली संकरित ज्वारी ‘सीएसएच-१’ प्रसारित झाली. अन्नधान्याची तीव्र टंचाई असलेला तो काळ होता. धान्य परदेशातून येत होते आणि उत्पादनवाढ ही राष्ट्रीय निकड होती. नव्या वाणाने ती निकड भागविण्यास हातभार लावला. बुटकी ताटे, लवकर येणारे पीक, खतास उत्तम प्रतिसाद आणि देशी वाणांहून कितीतरी अधिक उतारा हे त्याचे गुण निर्विवाद होते. त्यामागून अनेक सुधारित संकरित वाण आले.

अडचण वेगळीच निघाली. देशी खरीप ज्वारी उंच, उशिरा निसवणारी होती. दिवस लहान होऊ लागले, पाऊस ओसरला, म्हणजे ती फुलोऱ्यावर येई आणि तिचा दाणा कोरड्या हवेत भरे. संकरित वाण शंभर-एकशेदहा दिवसांत पक्व होत. म्हणजे दाणा भरण्याचा काळ नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात येई. ओल्या कणसावर बुरशी चढे, दाणा काळा पडे. शेतकऱ्याच्या खळ्यावर रास मोठी, पण ती बाजारात नेली की आडत्या ती बाजूला सारी. ज्याला पर्याय होता त्या ग्राहकाने ही ज्वारी घेतली नाही. ज्याला पर्याय नव्हता त्याने नाइलाजाने घेतली. मराठी बोलण्यात ‘हायब्रीड’ हा शब्द दिसायला भरदार पण आतून पोकळ अशा कशालाही लावला जाऊ लागला, तो याच काळात. एका कृषिसंशोधनाच्या यशाला भाषेने दिलेले हे प्रशस्तिपत्र काहीसे अन्यायाचे आहे. उत्पादनाचा प्रश्न सोडविणाऱ्यांनी चवीचा प्रश्न विचारात घेतला नव्हता एवढेच. भुकेच्या काळात तो कोणी घेतला असता असेही नाही.

१९७२-७३ च्या भीषण दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ‘मिलो’ शिधापत्रिकेवर वाटण्यात आली. दुष्काळी कामांवर राबलेल्या पिढीला ती आठवते. तिने माणसे जगविली. तरीही तिच्याविषयी कृतज्ञतेने बोलणारा मनुष्य क्वचितच भेटतो. भूक आणि आवड या एकाच जिभेच्या दोन बाजू असल्या तरी त्यांची स्मृती स्वतंत्रपणे चालते.

पुढील काळात काय घडले ते आकड्यांवरून दिसते. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात खरीप ज्वारीखाली २५ लाख हेक्टरांहून अधिक आणि रब्बी ज्वारीखाली सुमारे ३७ लाख हेक्टर क्षेत्र होते. अलीकडच्या वर्षांत दोन्ही हंगाम मिळून २० लाख हेक्टरही भरत नाहीत आणि त्यात खरिपाचा वाटा नाममात्र उरला आहे. खरिपाची जागा विदर्भ-मराठवाड्यात प्रामुख्याने सोयाबीनने घेतली. आज सोयाबीनचे क्षेत्र ४५ ते ५० लाख हेक्टरांच्या घरात आहे. सोयाबीनचा ग्राहक म्हणजे तेलगिरणी. तिला चव नसते. ती दाण्यातील ओलावा, काडीकचरा व डागाळलेला दाणा एवढेच मोजते. ज्या पिकाची परीक्षा स्वयंपाकघरात होत होती ते गेले आणि ज्याची परीक्षा यंत्राने होते ते आले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. परंतु त्याबरोबर घरचे धान्य व घरचा कडबा या दोन्ही गोष्टी शेतातून गेल्या आणि जनावरे पोसणे कठीण होऊन बसले.

गव्हाकडे वळलेले ताट

खरीप ज्वारी घटली त्याचे खापर केवळ बुरशीवर फोडता येणार नाही. ग्राहक त्याच वेळी गव्हाकडे वळत होता. पूर्वी पोळी सणासुदीची, पाहुण्याची. भातही अनेक घरांत सणालाच शिजे. भाकरी रोजची. रोजच्या गोष्टीला प्रतिष्ठा नसते. हाती चार पैसे येताच माणसाने सणाचे अन्न रोजचे केले, ही मानवी स्वभावाला धरूनच झालेली गोष्ट आहे. तिला बळ दिले ते सार्वजनिक वितरण व्यवस्थेने. पंजाब, हरियाणा व मध्य प्रदेशात खरेदी केलेला गहू आणि अन्य राज्यांतील तांदूळ गावोगावच्या दुकानांत स्वस्त दराने पोहोचू लागला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरविले. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जात आहे. कायद्याच्या तक्त्यात भरडधान्य सर्वांत स्वस्त ठरले, परंतु दुकानाच्या मापात ते क्वचितच आले. प्राधान्य गटातील माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य गहू-तांदळाच्या रूपाने घरपोच सुलभ झाल्यावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीही ज्वारी विकत घेण्याचे अथवा घरापुरती पेरण्याचे कारण उरले नाही. या व्यवस्थेने उपासमार हटविली, हे तिचे श्रेय कोणीही नाकारू नये. तिने जिभेलाही वळण लावले, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

आणखी एक कारण आहे. त्याचा उल्लेख अहवालांत फारसा होत नाही, कारण अहवाल लिहिणारे भाकरी थापत नाहीत. कणीक एकदा मळली की सबंध घराच्या पोळ्या होतात. ज्वारीचे पीठ मात्र एकेका भाकरीपुरते पुन्हा पुन्हा मळावे लागते, कारण मळलेला गोळा ठेवला की त्याचा चिकटपणा उतरतो. पाच माणसांच्या घरात दहाबारा भाकऱ्या म्हणजे दहाबारा वेळा मळणे, थापणे, वरून पाण्याचा हात फिरविणे आणि निखाऱ्यावर शेकणे. हे सारे श्रम स्त्रीचे. शाळेच्या डब्यात मुलाला पोळीच हवी असते, तेव्हा घरात दोन प्रकारचे पीठ कोण मळणार? शेतावरही तसेच आहे. रब्बी ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, कणसे खुडावी लागतात, पेंढ्या बांधाव्या लागतात. त्यासाठी मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर पीक परवडत नाही. दाणे भरताना पाखरे राखण्यासाठी माळ्यावर गोफण घेऊन बसणारी मुले आता शाळेत असतात, आणि ती तेथेच असावीत.

पाण्याचा हिशेब

शाश्वततेचा प्रश्न येथे येऊन भिडतो. ज्वारीचा पुरस्कार पोषणाच्या नावाने केला जातो, तो निम्माच खरा आहे. पॉलिशच्या तांदळाशी तुलना केली तर ज्वारी निश्चित सरस आहे. तांदळात शंभर ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम तंतुमय भाग असतो, तर ज्वारीत सुमारे १०. परंतु कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठात प्रथिने व तंतू ज्वारीइतकेच, किंबहुना किंचित अधिकच असतात. ग्लुटेन न सोसणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेव्हा गव्हापुढे ज्वारीची खरी बाजू पाण्याची आहे. गव्हाला उत्तम उताऱ्यासाठी पाण्याच्या पाच-सहा पाळ्या लागतात, त्यांपैकी पहिली पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी चुकवून चालत नाही. रब्बी ज्वारी शून्य पाळ्यांत काहीतरी देते आणि एखादे संरक्षित पाणी मिळाले तर पुष्कळ देते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात विंधनविहिरींची खोली दर दशकात वाढत गेली आहे. तेथे ओलीवर येणारे पीक सोडून पाण्यावर येणारे पीक धरणे म्हणजे उद्याच्या पिण्याच्या पाण्यावर आज उचल घेणे आहे. आपल्या ताटातील शिध्याची पोळीही पाण्यावाचून आलेली नसते. ती ज्या पंजाब-हरियाणातून येते तेथील भूजल वर्षानुवर्षे खाली जात आहे.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की रब्बी ज्वारी सोडणारा प्रत्येक शेतकरी उसाकडे गेलेला नाही. पुष्कळांनी हरभरा धरला. हरभऱ्याला पाणी थोडे लागते आणि तो जमिनीत नत्र ठेवून जातो. त्या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

उलटलेले चित्र

केंद्र शासनाने २०१८ हे भरडधान्यांचे राष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले. या प्रचाराचा परिणाम झाला, तो मुख्यतः शहरांत. मधुमेहाच्या भीतीने पुण्या-मुंबईची कुटुंबे पुन्हा भाकरीकडे वळली. उपाहारगृहांच्या फलकावर भाकरी आली. सोलापूर भागात स्त्रियांच्या बचतगटांनी कडक भाकरीचा व्यवसाय वाढविला. पातळ थापून खरपूस वाळविलेली ही भाकरी कित्येक आठवडे टिकते आणि ती विकत घेणारीचे थापण्याचे श्रम वाचविते. पूर्वी श्रीमंताची पोळी व गरिबाची भाकरी होती. आता उत्तम मालदांडी परवडणारा ग्राहक भाकरी खातो आणि कोरडवाहू गावातील मजूर विनामूल्य गहू-तांदूळ खातो. हे चित्र पाहून समाधान मानावे की चिंता करावी, हे सांगणे कठीण आहे. बाजार वाढला हे खरे. परंतु जे गाव ज्वारी पिकविते त्याच गावाच्या ताटातून ती उतरली, तर तिचा भाव शहरातील एखाद्या लाटेवर अवलंबून राहील.

आधारभूत किमतीतही ग्राहकाच्या पसंतीचे प्रतिबिंब पुसटसेच आढळते. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीची किंमत क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीची ३,७४९ रुपये जाहीर झाली. दोहोंत अंतर ५० रुपयांचे. बाजारात चकाकीच्या मालदांडीला व काळ्या पडलेल्या खरीप ज्वारीला मिळणाऱ्या भावांतील अंतर ज्याने पाहिले आहे, त्याला या ५० रुपयांचा अर्थ लागत नाही. त्यातून शासकीय खरेदी केंद्रावर हलका दाणा यावा व चांगला दाणा खाजगी बाजारात जावा, अशीच प्रवृत्ती बळावते. हाच हलका दाणा उद्या शिधापत्रिकेवर गेला, तर लाभार्थी तो जनावरांना घालील किंवा विकून टाकील, आणि ‘लोकांना ज्वारी नको आहे’ असा निष्कर्ष कागदावर नोंदला जाईल. मिलोचा अनुभव विसरून चालणार नाही.

कर्नाटकाने दक्षिणेकडील जिल्ह्यांत नाचणी व उत्तरेकडील जिल्ह्यांत ज्वारी शिधावाटपात आणली, म्हणजे जेथे जे खाल्ले जाते तेथे ते दिले. ओडिशाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या भरडधान्य अभियानात उत्पादन वाढविण्याबरोबरच घरातील व अंगणवाडीतील वापर वाढविण्याचे काम हाती घेतले आणि नाचणीचे लाडू बालकांच्या आहारात आणले. केंद्रानेही २०२१ मध्ये भरडधान्यांच्या खरेदीचे नियम सैल करून वाटपाची मुदत वाढविली. आपल्याकडे काही जिल्ह्यांत गव्हाचा काही हिस्सा कमी करून ज्वारी देण्याचे प्रयोग झाले आहेत. ते यशस्वी व्हावयाचे तर रब्बीचा स्वच्छ दाणा मार्च-एप्रिलमध्ये जवळच्याच तालुक्यात खरेदी व्हावा आणि तेथेच वाटला जावा. लातूरची ज्वारी कोकणात पाठवून कोणाचेच हित होणार नाही. कोकणच्या ताटात तांदळाची व नाचणीची भाकरी आहे.

वसतिगृहे व आश्रमशाळा यांच्या बाबतीत अडचण पिठाची येते. पंधरवड्याचे पीठ एकदम दळून ठेवले की भाकऱ्या मोडतात, स्वयंपाकीण कंटाळते आणि मुले पानात टाकतात. दाणा साठवावा, पीठ साठवू नये, आणि गावच्या गिरणीत दर तीनचार दिवसांनी दळण न्यावे, एवढी साधी व्यवस्थाही पुष्कळ काम करते. जेथे शंभर ताटे आहेत तेथे भाकरी थापण्याचे यंत्र, आणि जेथे बचतगट आहे तेथे कडक भाकरीचा पुरवठा, यांचा खर्च काढून पाहण्यास हरकत नाही. भाकरीचा आग्रह धरावयाचा आणि पहाटे उठून थापणारीचे हात मात्र गृहीत धरावयाचे, हे यापुढे चालण्यासारखे नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात या बाबतीत बदल झाला आहे. राहुरी व परभणीच्या कृषी विद्यापीठांनी दिलेल्या रब्बीच्या वाणांत, उदाहरणार्थ फुले वसुधा, फुले रेवती किंवा परभणी मोती यांत, मालदांडीसारखा टपोरा पांढरा दाणा व भाकरीची प्रत यांकडे उताऱ्याइतकेच लक्ष पुरविलेले आहे. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशी जमिनीच्या खोलीनुसार शिफारसही आहे. तरीसुद्धा राज्यातील कोरडवाहू रब्बी ज्वारीचा सरासरी उतारा हेक्टरी दहा क्विंटलांच्या आसपास किंवा त्याखालीच घुटमळतो. यातील मोठी तूट बियाण्याची नसून मजुरीची व वेळेची आहे. पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीस गेली की ओल खाली जाते आणि खोडमाशीखेरीज अन्य कारणांनीही ताटे विरळ होतात. हाताने उपटण्याऐवजी कापणी यंत्राने करता आली आणि कडबाही शाबूत राहिला, तर मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला पेरा टिकविणे सोपे जाईल. तसे लहान, स्वस्त व ग्रामपंचायतीमार्फत भाड्याने देता येईल असे यंत्र ही या पट्ट्याची आजची पहिली गरज आहे, मग ते कोणत्याही योजनेखाली येवो.